चौकटीबाहेरचं गालबोट

टेबलावर चोपन्न कैऱ्या होत्या. स्क्रीन नऊ टप्प्यांत पुढे सरकली होती आणि प्रत्येक टप्प्यात वर तीन, खाली तीन अशा सहा कैऱ्या कापडावर उमटल्या होत्या. प्रत्येक कैरीला तीन रंग: आधी गुलाबी, मग हिरवा, शेवटी काळी रेघ. म्हणजे एकूण एकशे बासष्ट छाप. त्यांतले गुलाबी आणि हिरवे मिळून एकशे आठ जिथे पडायला हवेत तिथेच पडले होते. काळ्या चोपन्नांपैकी अठरा बरोबर होते. छत्तीस चुकले होते.

योगिताने दोनदा मोजलं. दोन्ही वेळा तेच आलं.

अठ्ठ्याण्णव सालचा मार्च होता, सकाळचे साडेदहा. सुरतेतल्या पर्वत पाटियाजवळच्या त्या साडी छापायच्या कारखान्यात बारा टेबलं होती आणि अकरांवर काम चालू होतं. सातव्याभोवती मात्र पाच माणसं उभी होती. टेबलाच्या एका अंगाला छगन, योगिताचा बाप. समोर त्याचा जोडीदार कुंदन. या कामात स्क्रीन दोघांनी दोन बाजूंनी उचलायची, पुढच्या टप्प्यावर लोखंडी खिट्टीला टेकवायची, आणि रंग ओढायची रबरी पट्टी याने त्याच्याकडे लोटायची, त्याने याच्याकडे. छगन बावीस वर्षं हेच करत आला होता.

"छगनभाई, आ शुं छे?" शेठ म्हणाले.

शेठ गुजरातीत बोलत, खानदेशातून आलेली माणसं आपापल्या भाषेत उत्तर देत, आणि इतक्या वर्षांत दोन्हीकडच्या कोणाला त्यात अडचण वाटली नव्हती.  काळी रेघ गुलाबी कैरीच्या अंगावरून घसरल्यासारखी दिसत होती. कुठे उजवीकडे, कुठे डावीकडे.

"शेठ, वरनी ओळ जुळाडी का खालनी बिघडस," छगन म्हणाला. "म्हनीसन मी स्क्रीन सरकाडी."

"किती वेळा सरकवलीस?" शेठनी विचारलं.

"दोन वेळा. तीन टप्पा झाल्यावर एकदा, सहा झाल्यावर एकदा."

सुपरवायझर भूपेंद्रने हातातला कागद पुढे केला. तो मूळचा अमळनेरकडचा, पण वाढला सुरतेत, त्यामुळे त्याच्या मराठीला गुजराती फोडणी असायची. "शेठ, मी दहा कैऱ्या मोजल्या. कुठे तीन मिलिमीटर उजवीकडे, कुठे सहा डावीकडे, कुठे बिलकुल बरोबर. सरासरी काढली तर शून्य येते. स्क्रीन जिच्यावरून बनली ती फिल्म चुकीची असती तर सगळं एकाच बाजूला गेलं असतं. हे हात हलल्याचं काम आहे."

शेठनी छगनच्या हातांकडे पाहिलं. छगनने हात मागे घेतले.

"संध्याकाळी पाचला फळ्यावर उद्याची नावं लिहायची आहेत," शेठ म्हणाले. आवाजात राग नव्हता, आणि तेच जास्त वाईट होतं. "सातव्यावर दुसरं नाव लिहितो. तू धुलाईखात्यात जा. वय होतं, छगनभाई. सगळ्यांचंच होतं."

धुलाईखात्यात काय असतं ते सर्वांना ठाऊक होतं. दोन वर्षांपूर्वी सुपडूचा हात थरथरायला लागला म्हणून त्याला तिकडे पाठवलं. दिवसभर पोटऱ्यांपर्यंत पाण्यात उभं राहायचं. सुपडू परत कधी टेबलावर आला नाही. कोणीच येत नसे.

"शेठ, मला पाचपर्यंत वेळ द्या," योगिता म्हणाली. "मी मोजते."

"मोजलंय ना मी," भूपेंद्र म्हणाला.

"दहा मोजल्यात. चोपन्न आहेत."

"आणि तू कोणाच्या बाजूने मोजणार, योगिताबेन? कापडाच्या की बापाच्या?"

कुंदन खाली पाहून हसला आणि लगेच गप्प झाला. योगिताचे कान तापले. पण प्रश्न चुकीचा नव्हता, हे तिलाही कळत होतं.

"तुम्हीच मोजा," ती म्हणाली. "मी नुसतं लिहिते."

शेठनी घड्याळात पाहिलं, "पाच," एवढंच म्हणाले आणि निघून गेले.

योगिता पदार्थविज्ञान घेऊन बी.एस्सी. झाली होती आणि गेले आठ महिने कारखान्याच्या माडीवरच्या खोलीत संगणकावर नक्षी काढत होती. आधी हे काम काशिनाथ हाताने करायचा: बटर पेपरवर प्रत्येक रंगाचं वेगळं चित्र, मग त्याची कॅमेऱ्याने फिल्म, फिल्मवरून स्क्रीन. संगणकावरून थेट फिल्म काढून छापलेली ही पहिलीच साडी. म्हणून तिच्या मनात एक दुसरी शक्यता सकाळपासून टोचत होती. ती तिने अजून कोणाला बोलून दाखवली नव्हती.

भूपेंद्र टेबलावर वाकला. मिलिमीटरच्या खुणा असलेलं भिंग त्याने पहिल्या कैरीच्या टोकावर ठेवलं. "पहिला टप्पा, वरची पहिली. तीन पॉइंट एक. उजवीकडे."

योगिताने लिहिलं: अधिक ३.१.

"वरची दुसरी, तीन पॉइंट एक. तिसरी, तीन पॉइंट दोन. खालची पहिली..." तो थांबला, भिंग फिरवून पुन्हा ठेवलं. "तीन पॉइंट एक. डावीकडे."

उणे ३.१.

"आम्ही रेड्यासारखी स्क्रीन उचलणार," कुंदन म्हणाला, "अन् मोजमाप मात्र सोनाराचं."

"तू गप रे," छगन म्हणाला.

चौथ्या टप्प्यापासून आकडे पालटले. तिथे छगनने वरची ओळ जुळवण्यासाठी स्क्रीन डावीकडे घेतली होती. वरच्या कैऱ्या जवळजवळ शून्यावर आल्या होत्या, खालच्या सहाच्या पुढे गेल्या होत्या. सातव्यापासून त्याने खालची ओळ सावरायला स्क्रीन उलट्या बाजूला नेली, तर वरची सहावर. भूपेंद्र आकडे सांगत होता आणि दर आकड्यागणिक त्याच्या चेहऱ्यावर 'सांगितलं नव्हतं का' हे अधिकाधिक ठळक होत होतं. छगन तो चेहरा वाचत होता.

चोपन्न आकडे झाले तेव्हा साडेअकरा वाजत आले होते. योगिताने सगळ्यांची बेरीज केली. सरासरी खरंच शून्याला टेकली. भूपेंद्रने तोंडातून फक्त "हं" काढलं.

तिने कागद आडवा धरला. कॉलेजात प्रयोगशाळेत सरांनी एक सवय लावली होती: आकडे बेरजेत टाकण्याआधी ते कुठून आले ते पाहा. तिने प्रत्येक टप्प्यासमोर दोनच आकडे लिहिले, वरच्या ओळीचा आणि खालच्या ओळीचा. मग तिसऱ्या रकान्यात त्यांची वजाबाकी.

पहिला टप्पा: अधिक ३.१ आणि उणे ३.१. फरक ६.२.

चौथा: अधिक ०.१ आणि उणे ६.१. फरक ६.२.

सातवा: अधिक ६.२ आणि शून्य. फरक ६.२.

बाकीचे सहा टप्पे तिने भराभरा काढले. ६.१, ६.२, ६.२, ६.३, ६.२, ६.२. पेन्सिल हातात तशीच राहिली.

"भूपेंद्रभाई, एक सांगा. हात हलला तर स्क्रीन सरकते. बरोबर?"

"तेच तर म्हणतो."

"पण सरकते ती अख्खी. वरच्या कैऱ्या उजवीकडे आणि खालच्या डावीकडे, असं एकाच स्क्रीनला एकाच वेळी करता येईल का? कोणाचाही हात असो."

भूपेंद्रने कागद तिच्या हातातून घेतला आणि तिसरा रकाना वरून खाली, मग खालून वर वाचला.

"वरच्या आणि खालच्या ओळीतलं अंतर हातात नसतंच," योगिता म्हणाली. "ते स्क्रीनमध्ये गोठलेलं असतं. आप्पा स्क्रीन इकडे नेत होते, तिकडे नेत होते, आणि ते सहा पॉइंट दोन जागचं हलत नव्हतं. त्यांनी सकाळी सांगितलं तेच हे. वरची जुळवली की खालची बिघडते."

"पण फिल्म मी स्वतः ताडून पाहिली. गुलाबीवर काळी ठेवली. कैरीवर कैरी बरोब्बर बसली."

"कुठली कैरी?"

"वरची. पहिली..." आणि भूपेंद्र बोलता बोलता थांबला.

दोघं फिल्मच्या खोलीत गेले. खालून दिवा असलेल्या काचेवर त्याने गुलाबीची फिल्म पसरली, तिच्यावर काळ्या रेघेची. वरची ओळ जुळवली. मग पहिल्यांदाच खालच्या ओळीकडे पाहिलं. भिंग न लावताही दिसत होतं. तरी त्याने लावलं.

"सहा पॉइंट दोन," तो म्हणाला. मग भिंग खाली ठेवून म्हणाला, "फिल्म तुझ्या संगणकातून आली."

"हो."

"मग चूक कोणाची?"

"माझी," योगिता म्हणाली. "कुठली ते अजून माहीत नाही."

शेठनी सगळं ऐकून घेतलं. त्यांना हिशेब कळला. त्यांना कुठलाही हिशेब कळायला वेळ लागत नसे. "फिल्म चुकली, कबूल," ते म्हणाले. "पण फिल्म चुकली म्हणून हात बरोबर, असं थोडंच आहे? दोन चुका एका वेळी असू शकतात. नवी स्क्रीन बनवा. छगन छापेल, नऊ टप्पे, मध्ये कुठेही न सरकवता. एकही कैरी अर्ध्या मिलिमीटरच्या बाहेर गेली नाही तर सातवं टेबल त्याचं. नाहीतर मी सकाळी बोललो तेच." मग योगिताकडे वळून म्हणाले, "आणि वेळ तीच. पाच."

बारा वाजून दहा मिनिटं झाली होती. तिने उलटं मोजलं. छापायला आणि मोजायला चाळीस मिनिटं. नव्या स्क्रीनवर उजेडाने घट्ट होणारा मसाला लावणं, वाळवणं, उजेड देणं, धुणं, पुन्हा वाळवणं: दोन तास, तेही पंखे लावून. रिंग रोडला जाऊन फिल्म काढून आणायला सव्वा तास. म्हणजे एक वाजून पाच मिनिटांपर्यंत फाइल दुरुस्त व्हायला हवी. गुलाबी आणि हिरवा तोवर छगन-कुंदनने छापून ठेवायचे, एवढं ठरलं.

माडीवर काशिनाथ खिडकीपाशी आपल्या उतरत्या मेजाशी बसला होता. साठी ओलांडलेला, चष्म्याला दोरा बांधलेला. आता त्याच्याकडे फक्त जुन्या नक्ष्यांची डागडुजी यायची. त्याने मान वर केली, योगिताचा चेहरा पाहिला आणि पुन्हा कागदावर वाकला.

तिने फाइल उघडली. साडीचा साचा पडद्यावर आला: रिकामी चौकट आणि तीत सहा बारीक फुल्या. ज्या जागी कैरीचा मध्य यायला हवा, तिथे फुली. कैरीतल्या सगळ्या रेषा एकत्र बांधून त्यांचा गट करायचा आणि गटाचा मध्य फुलीवर बसवायचा, की गट एकसंध जातो, आतली एकही रेषा इकडची तिकडे होत नाही. वरच्या ओळीत कैरी जशी आहे तशी, खालच्या ओळीत तीच आरशात पाहिल्यासारखी उलटी. संगणक चित्र ठिपक्यांनी नाही, सूत्रांनी लक्षात ठेवत होता. म्हणून ते कितीही मोठं करा, लहान करा, उलटवा, कड फाटत नसे. तिला या कामातलं सर्वांत आवडलेलं तेच होतं.

एक सोपी वाट होतीच. वरच्या तिन्ही कैऱ्या ३.१ डावीकडे ढकलायच्या, खालच्या ३.१ उजवीकडे. दोन मिनिटांचं काम. पण कारण न कळता ढकललेली वस्तू पुढच्या साडीत पुन्हा घसरली, तर तेव्हाही टेबलावर आप्पाच असणार. तिने ठरवलं: एकपर्यंत शोधायचं. नाहीच सापडलं तर ढकलायचं.

फुल्यांची जागा तपासली. बरोबर. उलटवण्याची क्रिया तपासली, एक कैरी उलटवून पुन्हा उलटवली, मूळच्या जागी परत आली. तेही बरोबर. साडेबारा. रंगांचे मध्य एकमेकांवर पडत नाहीत की काय? पण तो विचार तिने आधीच केला होता. हिरवा रंग कैरीच्या पोटातच आहे, गुलाबी सगळीकडे. दोघांचे आकार वेगळे, म्हणून मध्यही वेगळे येणार. त्यावर तिने तोड काढली होती. तिन्ही गटांत तिने एकाच मापाची चौकट टाकली होती, पन्नास बाय सहासष्ट मिलिमीटर, जिला ना रंग ना रेघ. न दिसणारी. चौकट सारखी, म्हणून मध्य सारखा. ही युक्ती सुचली त्या दिवशी ती स्वतःवर फार खूश झाली होती.

खालून कुंदनची हाक आली, "गुलाबी झाला! हिरवा लावतो!"

बारा पंचेचाळीस. तिने गुलाबी गटावर टिचकी मारली. भोवती आठ बारीक काळे चौकोन उमटले आणि खाली माप: ५०.० बाय ६६.०. हिरव्यावर मारली. ५०.० बाय ६६.०. काळ्यावर मारली.

५६.२ बाय ६६.०.

तिने पुन्हा वाचलं. उजवीकडचे चौकोन चौकटीला अगदी चिकटून होते. डावीकडचे मात्र दूर उभे होते, कैरी आणि त्यांच्यामध्ये मोकळी जागा. मोकळ्या जागेला संगणक कशाला मोजेल?

तिने गट सोडला आणि आतले तुकडे एकेक करून पाहिले. एकोणतीस रेषा. तिसावी चौकट. एकतिसावा तुकडा निवडला तेव्हा डावीकडच्या मोकळ्या जागेत, कैरीच्या वळलेल्या टोकामागे, आठ चौकोनांचा एक इवलासा पुंजका उमटला. त्याच्या मधोमध काहीच नव्हतं. ना रंग, ना रेघ.

"काका," तिचा आवाज तिलाच वेगळा वाटला. "गालबोट."

पंधरा दिवसांपूर्वी ती कैरीची रेघ काढत असताना काशिनाथ मागे येऊन उभा राहिला होता. "गालबोट लावलंस का?" त्याने विचारलं होतं. ती हसली होती. तो हसला नव्हता. चाळीस वर्षांत त्याने एकही नक्षी गालबोटाशिवाय खाली पाठवली नव्हती. मुख्य चित्राच्या रेघेत, बाहेरच्या अंगाला, लेकराच्या कानामागे लावतात तसा एक ठिपका. तोही फिकट निळ्या पेन्सिलीचा. कारण फिल्मच्या कॅमेऱ्याला निळं दिसत नाही, म्हणून ठिपका कागदावर राहतो आणि कापडावर कधी उतरत नाही. दृष्ट निघते, साडी स्वच्छ राहते. तिला त्यातली हुशारी फार आवडली होती. मग तिने त्याच्या जुन्या कागदावरून अंतर पट्टीने मोजून अगदी तसाच ठिपका काढला आणि त्याचा रंग, रेघ दोन्ही काढून टाकले. संगणकातली निळी पेन्सिल.

"काय झालं गालबोटाला?" काशिनाथने विचारलं.

तिने सांगितलं. ठिपका चौकटीच्या बाहेर सहा पॉइंट दोनपर्यंत जातो. संगणक तो मोजतो. त्यामुळे गटाचा मध्य त्याच्या निम्म्याने डावीकडे सरकतो आणि मध्य फुलीवर बसवला की कैरी तेवढीच उजवीकडे जाते. तीन पॉइंट एक. खालच्या ओळीत कैरी उलटी, ठिपका उलट्या बाजूला, म्हणून ती डावीकडे जाते. तीन पॉइंट एक. गुलाबीत आणि हिरव्यात गालबोट नाही, म्हणून ते जागेवर.

काशिनाथने चष्मा काढला आणि धोतराच्या टोकाने पुसत राहिला. "म्हणजे माझ्या बोटानं छगनचं टेबल चाललं होतं?"

"तुमच्या नाही, काका. बोट मी लावलं, आणि मोजताना मीच धरलं नाही."

"कॅमेऱ्याला दिसत नव्हतं ते ह्याला दिसतं म्हण की."

"दिसत नाही. पण मोजतो."

"काढून टाक मग."

तिने बोट कळीवर ठेवलं. एक वाजायला आठ मिनिटं कमी होती. म्हाताऱ्याने मान खिडकीकडे वळवली होती. तिने कळ दाबली नाही.

"चौकटीच्या आत घेतलं तर चालेल?" तिने विचारलं. "आत कुठेही असलं तरी माप बदलत नाही."

काशिनाथने विचार केला. घाई असली तरी त्याने विचार पूर्ण केला. "तळपायालाही लावतात लेकराच्या," तो म्हणाला. "कानामागंच हवं असं काही नाही. देठाखाली घे."

तिने ठिपका देठाखाली आणला आणि गट पुन्हा बांधला. ५०.० बाय ६६.०. सहाही फुल्यांवर गट नव्याने बसवले, खालचे तीन उलटवले, आणि फाइल फ्लॉपीवर घेतली. एक वाजून दोन मिनिटं.

रिंग रोडला दोघं भूपेंद्रच्या स्कूटरवरून गेले. फिल्मच्या दुकानात पुढे दोघंजण होते. भूपेंद्रने त्यांच्याशी गुजरातीत काय बोलणं केलं कोण जाणे, पण नंबर आधी लागला. परतीच्या वाटेवर लाल दिव्याला थांबल्यावर तो मान न वळवता म्हणाला, "खालची ओळ मी पाहायला पाहिजे होती."

"हो," योगिता म्हणाली.

फिल्म घेऊन पोचले तेव्हा अडीच वाजले होते. दहा मिनिटं उशीर. स्क्रीनच्या खोलीचं दार बंद झालं आणि करायला काहीच उरलं नाही.

छगन मागच्या जिन्याखाली उभा होता. हात सरळ पुढे, तळव्यावर चहाचा ग्लास, आणि नजर ग्लासात. योगिता जवळ गेली तरी त्याने हात खाली घेतला नाही.

"आप्पा, काय पाहता?"

"चहा." मग तो म्हणाला, "हालस."

ग्लासातल्या चहावर बारीक वर्तुळं उमटत होती.  सकाळपासून तिने त्याच्या हातांबद्दल एकदाही शंका घेतली नव्हती. आता आली, आणि शेठचं वाक्य आठवलं. दोन चुका एका वेळी असू शकतात.

तिने ग्लास त्याच्या हातावरून उचलला आणि जिन्याच्या सिमेंटच्या पायरीवर ठेवला. दोघं वाकून बघत राहिले. आत अकरा टेबलं चालू होती, रंग घोटायची मोटर घुमत होती. पायरीवरच्या चहावरही तशीच वर्तुळं उमटत होती.

छगन मग ग्लास उचलून चहा एका घोटात प्यायला. "तू सगळासमोर 'मनी चूक' म्हनी?"

"हो."

"बरं करं."

चार वाजून बत्तीस मिनिटांनी काळ्या रेघेची स्क्रीन सातव्या टेबलावर आली. गुलाबी-हिरव्या कैऱ्या वाळून तयार होत्या. छगनने स्क्रीनच्या लाकडाला हात लावून कपाळाला लावला. कुंदनने समोरून पकड घेतली.

"सावकाश," कुंदन म्हणाला.

"रोजनंच काम शे," छगन म्हणाला. "रोजनंच करूत."

पहिला टप्पा. पट्टी गेली, पट्टी आली. स्क्रीन उचलली, खिट्टीला टेकवली. दुसरा. तिसरा. भूपेंद्र भिंग घेऊन मागोमाग होता, पण त्याने अजून मोजायला सुरुवात केली नव्हती. आधी सगळं छापून होऊ दे, असं त्यानेच सांगितलं होतं. तिसऱ्यानंतर छगन थबकला. सकाळी त्याने इथेच स्क्रीन सरकवली होती. त्याचा अंगठा कडेवर किंचित दाबला गेला. योगिताला ते दिसलं. काही बोलण्याचा अधिकार नव्हता आणि बोलून उपयोगही नव्हता. कुंदन समोरून फक्त बघत होता. मग अंगठा सैल झाला. स्क्रीन खिट्टीला टेकली, लोखंडाचा नेहमीचा आवाज आला, आणि पट्टी गेली.

नववा टप्पा झाला तेव्हा पावणेपाच वाजले होते. शेठ आले. त्यांच्या हातात खडू होता.

"मोज. अर्ध्या मिलिमीटरच्या बाहेर एकही नको," ते भूपेंद्रला म्हणाले.

काशिनाथ जिना उतरून खाली आला होता. तो सहसा येत नसे. छगनने हात धुतले आणि ते पुसायला काही न शोधता तसेच ओले धरून उभा राहिला. भूपेंद्र पहिल्या कैरीवर वाकला. योगिता लिहू लागली. तिने लिहिलेला प्रत्येक आकडा शेठ तिच्या खांद्यावरून वाचत होते.

"वरची पहिली, शून्य पॉइंट एक. दुसरी, शून्य पॉइंट दोन. तिसरी, शून्य पॉइंट एक. खालची पहिली..."

चोपन्नावा आकडा लिहिला गेला तेव्हा पाचला एक मिनिट कमी होतं. योगिताने कागदाच्या तळाशी रेघ मारली आणि तिच्याखाली लिहिलं:

कैऱ्या ५४. वरच्या आणि खालच्या ओळीतला फरक, नऊ टप्प्यांची सरासरी: ०.० मिलिमीटर. सर्वांत मोठी चूक, आठवा टप्पा, खालची दुसरी: ०.४ मिलिमीटर, डावीकडे.